बाबा ‘बीपीच्या सपोर्टवर’ आहेत म्हणजे नेमकं काय?

पाणंद (धागाकर्ता) – सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे सोलकढीत लसूण घालावी की नाही यावर भांडायला येतो, आज वेगळं काम आहे.

बाबा (वय ६७) तीन दिवस आयसीयूत आहेत. भातलावणी संपता संपता ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले. पावसातला ताप म्हणून दोन दिवस घरीच काढले. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद आणि असंबद्ध बडबड. कुडाळात दाखवलं तेव्हा बीपी ७०/४०. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या मुताने दूषित चिखल-पाण्यातून होणारा ताप) निघाला. तिथून मोठ्या हॉस्पिटलात हलवलं.

डॉक्टर म्हणतात ‘बीपी सपोर्ट’ चालू आहे, म्हणजे बीपी चढवायचं औषध. आता गंमत बघा, बाबा गेली १४ वर्षं बीपी उतरवायची गोळी घेतात. ती घेतल्याशिवाय आई सकाळचा चहा पुढ्यात ठेवत नाही. आई मला विचारते, "जन्मभर उतरवलंनी आणि आता चढवतायत? मग मी इतकी वर्षं काय दिलं?" मला उत्तर देता आलं नाही.

काचेतून दिसतं ते असं : खांबाला एक छोटं मशीन, त्यात आडवी मोठी सिरिंज, तिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या पेनने ‘नॉरअॅड’. मशीनवर आकडा १२.०. काल ८.० होता. बीपी कालही ११०/६० आणि आजही ११०/६०. मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं, बीपी स्थिर आहे. ड्यूटीवरच्या सिस्टर तिथेच होत्या, माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं डोक्यातून जात नाहीये.

कुणी समजावेल का?

खाडीकाठ – सोमवार, रात्री ११:५२

माका ह्यातला काय एक कळणा नाय, पण रवळनाथाक गाराणा घालतंय. बाबांक बरा वाटांदे. तू जेवलंस काय रे?

भूलथापा – मंगळवार, सकाळी ६:१५

धंद्याने भूलतज्ज्ञ, रत्नागिरी जिल्ह्यात. टोपणनावावरून कळलंच असेल. पेशंट समोर नसताना उपचारांवर मत देणं म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून होडी वल्हवणं, ते करणार नाही. शब्द तेवढे उलगडतो.

तुमच्याकडे बागेला पाटाने पाणी जात असेल. मोटर चालू आहे, विहिरीत पाणी आहे, पण पाटाच्या कडा ढासळून तो दुप्पट रुंद झाला आणि जागोजागी झिरपायला लागला, तर शेवटच्या माडाच्या आळ्यात थेंब पोचत नाही. जंतुसंसर्ग रक्तात भिनला की रक्तवाहिन्यांचं हेच होतं. सैल पडतात आणि गळतात. तुमच्या बाबांची शेवटची आळी म्हणजे मूत्रपिंड आणि मेंदू. म्हणून लघवी बंद, म्हणून बडबड.

आधी विहिरीत पाणी वाढवतात, म्हणजे सलाईन. किलोमागे ३० मिली हा पहिल्या तीन तासांचा ठोकळ हिशोब, ६० किलोच्या माणसाला साधारण १८०० मिली. लेप्टोत मात्र हात जरा आखडता घ्यावा लागतो. मूत्रपिंड बसलेलं असतं आणि फुप्फुसात रक्तस्राव होण्याची भीती असते, त्यात पाण्याचा मारा केला तर माणूस आतल्या आत बुडतो. सलाईनने भागलं नाही की नॉरअॅड्रिनलिन. ते पाटाच्या कडा आवळतं. परकं काही नाही, आपल्याच नसांच्या टोकांतून हे रसायन सतत झिरपत असतं. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी ते १९४६ साली ओळखलं आणि १९७० च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आईंना सांगा, त्यांनी दिलं ते बरोबरच दिलं. तेव्हा पाट अरुंद आणि कडक होता, आता ढासळलाय. माणूस तोच, दुखणं उलटं. बीपीची गोळी सध्या बंदच असणार.

आता आकडे. आम्ही वरच्या आकड्यापेक्षा सरासरी दाब धरतो : खालच्या आकड्यात दोन आकड्यांच्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवायचा. ११०/६० म्हणजे साधारण ७७. ९०/५० म्हणजे ६३. बहुतेकांसाठी सुरुवातीचं लक्ष्य ६५.

आणि सिस्टर का गप्प राहिल्या ते. बीपी तेच, पण ते तिथे धरून ठेवायला काल ८ लागत होते, आज १२ लागतायत. दोरी तितकीच ताणलेली दिसते, ओढणारे हात वाढलेत. ह्याला स्थिर म्हणत नाहीत. कडू बोललो, पण तुम्ही विचारलंत.

पाणंद – मंगळवार, सकाळी ६:३१

डॉक्टर, थँक्यू. आईला पाटाचं सांगितलं, ती लगेच समजली. मला वेळ लागला. म्हणजे मी बीपी विचारायचंच नाही का?

रात्रपाळी – मंगळवार, सकाळी ९:०५

विचारायचं, पण जोडीला "पंप कितीवर आहे, सकाळपासून वाढवला की कमी केला" हेही विचारायचं. ३१ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली १९ आयसीयूत. नातेवाईक काचेला नाक लावून मॉनिटर बघतात, आम्ही पंप बघतो. मॉनिटर लाजतो, पंप सगळं सांगून टाकतो.

एक धोका मात्र आहे. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या आकड्याशी तुलना करू नका. तो आकडा म्हणजे तासाला किती मिली. सिरिंजमध्ये औषध किती दाट आहे हे त्यात येत नाही. ५० मिलीत ४ मिलिग्रॅम घातलं असेल आणि पंप १२ वर असेल, तर ६० किलोच्या माणसाला किलोमागे मिनिटाला ०.२७ मायक्रोग्रॅम जातं. ८ मिलिग्रॅम घातलं असेल तर त्याच १२ ला दुप्पट. कधीकधी दुपारी आम्हीच दाट सिरिंज लावतो, मग आकडा अर्ध्यावर येतो आणि बाहेर पेढे वाटायची तयारी सुरू होते. तेव्हा "औषध तेवढंच दाट आहे ना" हाही प्रश्न विचारा. सिस्टर चमकेल, पण सांगेल.

१२ ला एक सिरिंज चार तासांत संपते. संपायच्या आधीच दुसरी भरून शेजारच्या पंपावर हळू सुरू करायची, दाब उचलला की पहिली काढायची. हे औषध रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं. सिरिंज बदलताना चहा प्यायला गेलं तर परत येईपर्यंत बीपी ५० वर आलेलं असतं. नव्या मुलींना मी हे ओरडून शिकवायचे. त्या मला ‘नॉरअॅडवाली बाई’ म्हणायच्या, मागून.

तर्कटराव – मंगळवार, सकाळी १०:२०

सगळं ठीक, पण ही औषधं म्हणजे बिलाचं मीटर नाही ना? आमच्या ओळखीत एकाला आठ दिवस ह्याच औषधावर ठेवलं. बोटं काळी पडली आणि माणूसही गेला. मग उपयोग काय?

माडाखाली – मंगळवार, दुपारी १:१२

तर्कटराव, तुमच्या ओळखीतला तो माणूस म्हणजे माझी आईसुद्धा असू शकली असती.

दोन वर्षांपूर्वी. न्यूमोनिया. आधी एक पंप, मग दोन, मग तीन. पाचव्या दिवशी पायाची बोटं जांभळी, मग शाईसारखी. मी ती बोटं हातात धरून चोळत बसायचे, वाटायचं उबेने परत येतील. डॉक्टर सांगत होते "सपोर्ट वाढवतोय", मला ऐकू येत होतं "उपचार वाढवतोय". तीन औषधं चालू आहेत म्हणजे तिप्पट प्रयत्न चाललेत अशी माझी समजूत. खरा अर्थ मला तिसरा पंप लागला तेव्हा कुणीतरी बसवून सांगायला हवा होता. चूक कुणाची हे आज मला उकरायचं नाही. पण सांगितलं असतं तर मुंबईहून भावाला मी एक दिवस आधी बोलावलं असतं.

पाणंद, तुझ्या बाबांचं तसं होईल असं मी म्हणत नाहीये. फक्त विचार. रोज, एकाच माणसाला, एकाच वेळी.

भूलथापा – मंगळवार, दुपारी ३:४०

माडाखाली, तुम्ही लिहिलंत ते आमच्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला वाचायला द्यावं असं आहे.

तर्कटराव, नॉरअॅड हे आयसीयूतल्या स्वस्त औषधांपैकी एक. बिल चढतं ते खाटेचं, तपासण्यांचं, व्हेंटिलेटरचं. नॉरअॅडच्या जोडीला लावतात ते दुसरं औषध व्हॅसोप्रेसिन, ते खरंच महाग.

बोटांबद्दल तुमचं अर्धं खरं आहे. औषध वाहिन्या आवळतं, मोठ्या डोसला टोकाच्या वाहिन्या फारच आवळतात. पण ह्या आजारात बारीक वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्याही होतात आणि कमी दाबाने तिथे आधीच रक्त पोचत नसतं. तिन्हींनी मिळून बोट मरतं. औषध थांबवलं तर बोट वाचेल ही आशा खोटी, तेव्हा हृदय आणि मेंदूच जातो. आम्ही बोट आणि माणूस यांत माणूस निवडतो. नेहमी जिंकतो असं नाही.

दुसरा काळेपणा मात्र टाळता येण्यासारखा. औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी पांढरीफटक पडते, गार होते, मग मरते. म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत लाईन टाकतात. पण तिच्यासाठी थांबून वेळ घालवू नये, कोपराजवळच्या चांगल्या शिरेतून सुरू करावं आणि जागा डोळ्यात तेल घालून बघावी, असं २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही म्हणतात. आमच्याकडे लहान गावांत हे आधीपासूनच करत होतो, नाइलाजाने. नाइलाजाला नियमाचा मान मिळाला.

उपयोग काय, हा तुमचा प्रश्न चांगला आहे. हे औषध लेप्टो बरा करत नाही. तो पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन करतं, आणि शरीर करतं. नॉरअॅड तोपर्यंत दाब धरून ठेवतं. पूर ओसरेपर्यंत होडी खुंटाला बांधून ठेवायची, बस.

घाटवाट – मंगळवार, रात्री ८:३०

खुंटावरून आठवलं. मेहुण्याला सावंतवाडीहून बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, नेत होतो, सिंधुदुर्गातून शेवटी तिकडेच धावतो आपण. रात्र, धो धो पाऊस, रुग्णवाहिकेत हाच पंप. बांदा सोडून पत्रादेवीच्या अलीकडे पंप बीप बीप करायला लागला. बॅटरी खलास. गाडीतल्या सॉकेटला वायर लावली तर सॉकेट मेलेला. सोबतच्या पोराला घाम फुटला. मग त्याने सिरिंज पंपातून काढली आणि घड्याळात बघून अंगठ्याने ढकलायला लागला. मी मोबाईलचा टॉर्च धरलेला. म्हापसा येईपर्यंत त्याचा अंगठा थरथरत होता. मॉनिटरवर एकदा ५८ दिसलं, एकदा १९०. मेहुणा वाचला, आज ट्रॅक्टर चालवतो. गाडी कुणाची ते लिहीत नाही.

रात्रपाळी – मंगळवार, रात्री ९:१०

१९० बघून तुम्हाला बरं वाटलं असेल, मला वाचूनच कसंतरी झालं. अंगठ्याने दोन थेंब जास्त गेले की होतं तसं. त्या पोराने दुसरं काय करायचं होतं म्हणा.

पेशंट हलवायच्या आधी तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा : पंप वायर काढून चालतो का, भरलेली दुसरी सिरिंज बरोबर आहे का, आणि गाडीतला सॉकेट जिवंत आहे का. मोबाईलचा चार्जर लावून बघा, तेवढं पुरतं.

चिरेखाण – बुधवार, सकाळी ७:४५

अवांतर : मला गडग्याचे दगड हलवताना तांबडा विंचू चावला होता. घाम इतका की सदरा पिळावा, हातपाय गार, छाती धडधडतेय. दवाखान्यात बीपी चढलेलं. तेव्हा मला बीपी उतरवायची गोळी दिली! मग ‘हातपाय गार’ म्हटलं की चढवायचं की उतरवायचं?

भूलथापा – बुधवार, सकाळी ८:५०

अवांतर कसलं, हा तर पाणंदच्या आईंच्याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे.

तांबड्या विंचवाचं विष आपल्याच शरीरातला अॅड्रिनलिन-नॉरअॅड्रिनलिनचा साठा फोडतं. म्हणजे पंपातून जे देतो तेच औषध, पण शरीर स्वतःच बेफाम ओततं. वाहिन्या करकचून आवळतात, त्या दाबाविरुद्ध पंप मारून मारून हृदय थकतं, फुप्फुसात पाणी होतं. तिथे वाहिन्या सोडवणारं औषध हवं, प्राझोसिन. ही गोळी मूळची रक्तदाबाचीच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर ती वापरली आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. तोवर कोकणात विंचवाने माणसं, विशेषतः लहान मुलं, पटापट जायची. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उशिराच, असं माझं मत.

त्याच विंचवात उशिरा आलेल्या पेशंटचं बीपी पडलेलं असतं, पण ते वाहिन्या सैल पडल्यामुळे नव्हे, मोटर थकल्यामुळे. तिथे डोब्युटामिन लागतं, हृदयाला जोर देणारं. बीपी ७० दिसलं म्हणून नॉरअॅड लावायला घेतलं तर आवळलेलं आणखी आवळेल. आकडा सारखाच, कारण वेगळं. कारण न शोधता आकड्यावर औषध देणाऱ्याला आमचे सर ‘लिफ्टमन’ म्हणायचे, वर-खाली करणारा.

पुणेरी_जावई – बुधवार, सकाळी ९:३०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

रात्रपाळी – बुधवार, सकाळी १०:००

लिफ्टमनवरून आठवण. आम्ही सुरुवातीला सगळ्यांना डोपामिन लावायचो, तेही बीपी चढवायचंच औषध. ‘किडनीचा डोस’ म्हणून थोडंसं डोपामिन, प्रत्येक लघवी कमी असलेल्या पेशंटला. ते बंद झालं तेव्हा जुन्या डॉक्टरांना फार वाईट वाटलं होतं.

भूलथापा – बुधवार, सकाळी १०:२५

सिस्टर, मलाही वाटलं होतं. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अभ्यासात त्या ‘किडनीच्या डोस’ने किडनीला काही फायदा दिसला नाही. मग २०१० मध्ये १६७९ पेशंटांवर डोपामिन आणि नॉरअॅडची थेट तुलना झाली. मृत्यूंत लक्षणीय फरक नाही, पण हृदयाचे ठोके बिघडण्याचं प्रमाण डोपामिनवर जवळपास दुप्पट. तेव्हापासून नॉरअॅड पहिलं.

पाणंद – बुधवार, दुपारी २:१५

काल संध्याकाळी दुसरा पंप लागला, व्हॅसोप्रेसिन. आणि स्टेरॉईड. माडाखाली ताईंचं वाचलेलं असल्यामुळे पाय लटपटले, पण मी डॉक्टरांना बसवलंच. दहा मिनिटं बोलले. पहिलं औषध फार वाढवण्यापेक्षा दुसरं थोडं जोडतात, दोघांचे मार्ग वेगळे, म्हणाले. रात्री डायलिसिस केलं. आज नॉरअॅड ९ वर. दाटपणा तोच ना, विचारलं. सिस्टर चमकल्या आणि हसल्या. तोच आहे.

एक विचारायचं राहिलं. बाबांना आधीपासून बीपी आहे, तर त्यांचं लक्ष्य ६५ पुरेल का? भावाचं म्हणणं, त्यांना नेहमी १५० ची सवय, जास्त ठेवा म्हणून सांगूया.

भूलथापा – बुधवार, सायंकाळी ५:५०

भावाचा मुद्दा पोरकट नाही. २०१४ साली फ्रान्समध्ये ७७६ पेशंटांवर हेच तपासलं : अर्ध्यांचा सरासरी दाब ६५-७०, अर्ध्यांचा ८०-८५. जगण्या-मरण्यात फरक पडला नाही. जुन्या बीपीवाल्यांत जास्त दाब ठेवला तेव्हा डायलिसिस कमी जणांना लागलं, पण जास्त दाबाच्या गटात ठोके अनियमित होण्याचे प्रकार वाढले. फुकट काही मिळत नाही. बाबांचं डायलिसिस सुरू झालंच आहे. मी असतो तर लघवी, शुद्ध आणि लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढतं ते) बघून थोडं वर-खाली केलं असतं. मी तिथे नाही. जे आहेत त्यांना "जुना बीपी आहे हे लक्षात घेतलंय ना" एवढं विचारा, आकडा सांगू नका.

स्टेरॉईड म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन, दिवसाला २०० मिलिग्रॅम देतात, त्याने वाहिन्या औषधाला जरा बरा प्रतिसाद देतात. साखर वाढेल, घाबरू नका.

खाडीकाठ – बुधवार, रात्री ९:००

९ म्हणजे बरां मा? वाचून वाचून माका पण आता पंप कळाक लागलो.

पाणंद – रविवार, सकाळी ७:२०

गुरुवारी ५. शुक्रवारी व्हॅसोप्रेसिन काढलं, नॉरअॅड ४. काल १.५. पहाटे पाचला पंप बंद. मी काचेपाशी गेलो तर मॉनिटरवर ९८/५४ आणि मी घाबरून सिस्टरना हाक मारली.

रात्रपाळी – रविवार, सकाळी ७:३५

अरे, ११०/६० बाराच्या जोरावर होतं. हे ९८/५४ त्यांचं स्वतःचं आहे. आता कळव नातेवाइकांना.

भूलथापा – रविवार, सकाळी ८:१०

सरासरी ६९ होते. उत्तम. आईंनी चहाबरोबर गोळी पुढे करू नये म्हणजे झालं. बीपी पुन्हा चढायला लागेल तेव्हा तिथले डॉक्टर ठरवतील, कदाचित औषधही बदलतील. डायलिसिस आणखी काही दिवस लागू शकतं, त्याने खचू नका.

माडाखाली – रविवार, सकाळी ८:३०

वाचलं. बरं वाटलं.

पाणंद – रविवार, सकाळी ११:००

बाबांनी पहिलं विचारलं, वरचा कुणगा (भाताचा तुकडा) लावून झाला का. झाला म्हणून खोटं सांगितलं.

त्यावरून एक. भाऊ आणि मीही त्याच चिखलात होतो, अनवाणी. जूनमध्ये आशाताई घरी गोळ्या देऊन गेल्या होत्या, आठवड्याला एकदा घ्यायच्या. डॉक्सीसायक्लिन लिहिलंय. बाबा म्हणाले पोटात जळजळतं, म्हणून कुणीच घेतल्या नाहीत. फडताळातल्या बिस्किटांच्या डब्यात तशाच आहेत. आता घेऊन उपयोग आहे का?

रात्रपाळी – रविवार, सकाळी ११:०४

जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, मग जळजळत नाही. पण ताप किंवा पोटऱ्या दुखत असतील तर आधी रक्त तपासा, गोळीवर भागवू नका. तसं काही नसेल तर आशाताईंना फोन करून डोस पुन्हा विचार आणि आजपासून घे. भावाला उठव आणि तो डबा काढ.

पाणंद – रविवार, सकाळी ११:२०

काढला. बिस्किटं मऊ पडलीत, गोळ्या ठीक आहेत. आशाताईंना फोन लावतोय.